कापसाच्या मुलखातले बेलबॉटम

खानदेशात साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांच्या बोलण्यात कपड्यांचा विषय निघाला, की दोन विधाने बहुधा एका दमात केली जातात: त्या काळी पोशाखाला एक ऐट होती, आणि तसले कापड आता मिळत नाही. यांपैकी पहिले विधान आवडीनिवडीचे असल्याने त्यावर वाद घालण्यात हशील नाही. दुसरे मात्र वस्तूविषयीचे आहे, म्हणजे ते पडताळून पाहता येते, आणि पडताळू गेल्यास हाती लागणारी हकिकत सांगणाऱ्यांच्या समजुतीपेक्षा बरीच गुंत्याची निघते. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर या पट्ट्यात ज्या बेलबॉटम पॅन्टची आठवण आज अभिमानाने काढली जाते, ती पॅन्ट बहुधा टेरिकॉटची असे, आणि टेरिकॉट म्हणजे साधारण दोन तृतीयांश कृत्रिम धागा. काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या मुलखातील तरुणांनी ज्या कापडाला सर्वांत जास्त मान दिला, त्यात कापसाचा वाटा फार तर एक तृतीयांश होता.

ही विसंगती नीट समजण्यासाठी त्या मुलखाचे कापसाशी असलेले नाते ध्यानात घ्यावे लागते. गिरणा नदीच्या काठी वसलेले भडगाव हे आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने सुधारित शेतीचे प्रयोग करण्यासाठी येथे सरकारी शेत चालवले होते. त्याच शतकाच्या सत्तरच्या दशकात जळगावला खानदेश मिल उभी राहिली, पुढे अमळनेरला प्रताप मिल आणि धुळे व चाळीसगाव येथेही कापड गिरण्या निघाल्या, आणि त्यांच्या भोंग्यावर त्या शहरांचा दिवस सुरू होऊ लागला. शेतात कापूस, शहरात गिरणी आणि अंगावर गिरणीचे सुती कापड अशी ही सलग साखळी होती. ज्या पिढीविषयी येथे बोलायचे आहे, म्हणजे सुमारे १९५० ते १९६० या दरम्यान जन्मलेली, ती तारुण्यात आली तेव्हा ही साखळी तुटू लागली होती. १९७४ साली केंद्र सरकारने कायदा करून देशातील १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले, त्यांत धुळे आणि चाळीसगाव येथील गिरण्याही होत्या; ‘आजारी गिरणी’ हा शब्दप्रयोग याच काळात सर्वांच्या तोंडी रुळला. दुसऱ्या बाजूने १९६९ साली गिरणा धरण पूर्ण होऊन कालव्याचे पाणी आले, आणि १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्याने आपला कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेलाच विकायचा ही व्यवस्था, सुरू झाली. त्याच सुमाराचा दुष्काळ सोसून झाल्यावर काही घरांत कापसाच्या पैशातून दिवाळीला किंवा आखाजीला मुलाच्या पॅन्टचे कापड येऊ लागले. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीच्या बरोबरीचा असतो.

या तरुणांच्या वडिलांचा पोशाख धोतर, सदरा आणि गांधी टोपी असा होता, आणि मुलांना तो जुनाट वाटे. गंमत अशी, की हा पोशाखही एके काळी तरुणांचे बंडच होता. १९३६ सालच्या डिसेंबरात खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, आणि त्या वातावरणात खादी अंगावर चढवणारा विशीतला मुलगा आपल्या जरतारी पागोटे बांधणाऱ्या आजोबांना नक्कीच उद्धट दिसला असेल. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत शिकवलेली आणि त्यांच्या शब्दावर खादी घातलेली मुले १९७५ साली स्वतः आजोबा झाली होती आणि नातवाच्या पॅन्टच्या घेराकडे बघून कपाळाला आठ्या घालत होती.

वेशातून वेगळेपण मिरवण्याच्या या प्रकाराला समाजशास्त्रात ‘उपसंस्कृती’ ही संज्ञा आहे. समाजातील एखादा गट, विशेषतः तरुणांचा, मुख्य प्रवाहात राहूनही कपडे, केस, संगीत आणि बोलण्याची ढब यांतून स्वतःची वेगळी खूण तयार करतो, तेव्हा त्या खुणांच्या समुच्चयाला हे नाव दिले जाते. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकातील लांब कोटांचे ‘टेडी बॉइज’ आणि १९६० च्या दशकातील अरुंद सुटांचे, स्कूटरवरून फिरणारे ‘मॉड्स’ ही तिची नेहमी दिली जाणारी उदाहरणे असून, डिक हेब्डिज या अभ्यासकाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा वेशाला एक प्रकारची भाषाच मानले आहे. ते टेडी बॉइज आणि मॉड्स आज म्हातारे झाले आहेत आणि कोटाच्या अस्तराविषयी, शिलाईविषयी भडगावच्या पारावरील मंडळींइतक्याच तळमळीने बोलतात. फरक इतकाच, की तिकडची खूण गाण्याच्या तबकडीभोवती आणि नाचघराभोवती जमली, तर इकडची जमली ती सिनेमाच्या पडद्याभोवती आणि शिंप्याच्या यंत्राभोवती.

पडद्यावरून काय काय उतरले, याची यादी मोठी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजेश खन्नाचा गुरू शर्ट आला, १९७१ च्या ‘हरे राम हरे कृष्ण’ने हिप्पी केस आणि गॉगल आणले, १९७३ च्या ‘बॉबी’ने मोठ्या कॉलरी आणि ठिपक्यांचे कापड लोकप्रिय केले, आणि १९७५ साली ‘दीवार’ व ‘शोले’ लागोपाठ झळकल्यावर कानावरून उतरणारे केस, लांब कल्ले आणि बेलबॉटम हा त्रिवेणी वेश गावोगावच्या टुरिंग टॉकीजमधून थेट शिवारापर्यंत पोहोचला. त्याच पडद्यावर त्याच वर्षांत दादा कोंडके लोंबत्या नाडीची ढगळ अर्धी चड्डी घालून हशा पिकवत होते. ज्या वेशातून खेड्यातला मुलगा बाहेर पडू पाहत होता, त्याच वेशाला शिट्ट्या मारण्यासाठी तो बेलबॉटम घालून जात होता, ही गोष्ट त्या काळाच्या मनःस्थितीविषयी बरेच काही सांगून जाते.

बेलबॉटमचा आकार मूळचा जहाजावरील खलाशांच्या विजारीचा. मांडीला आणि गुडघ्याला तंग असलेली ही पॅन्ट गुडघ्याखाली घंटेसारखी पसरत जाते. पॅन्टच्या पायाच्या तळच्या घेराला शिंपी ‘मोहरी’ किंवा ‘बॉटम’ म्हणतात, आणि सारी चुरस याच एका मापावर असे. जुन्या सरळ पॅन्टची मोहरी सोळा-अठरा इंचांच्या आसपास असताना बेलबॉटमची चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस अशी वाढत गेली. एवढ्या घेरासाठी कापड जास्त लागे, म्हणून ‘पन्हा’, म्हणजे ताग्याची रुंदी, महत्त्वाचा ठरे: अठ्ठावन्न इंच पन्ह्याच्या सूटिंगमध्ये सव्वा मीटरच्या आसपास पॅन्ट बसे, पण घेराची हौस भागवायची तर शिंपी दुकानदाराकडून आणखी दोन बोटे कापड मागून घ्यायला सांगे. हा घेर बुटांवरून खाली येऊन जमिनीला टेके, काळ्या मातीच्या रस्त्यावर घासे, सायकलच्या साखळीत अडके. त्यावर शोधलेला उपाय त्या पिढीतील बहुतेकांना आठवतो: मोहरीच्या आतल्या बाजूला, टाचेच्या भागात जुन्या झिपेची, म्हणजे चेनची, पट्टी शिवून घेत, जेणेकरून जमिनीवर कापडाऐवजी धातूचे दात घासले जावेत. मिरवण्याच्या हौसेलाही काटकसरीचा टाका घातलेला होता, हे या पट्टीइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

टिकाऊपणाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शिंप्याच्या दुकानातच आहे. खानदेशात अहिर शिंपी समाजाची घरे गावोगावी आहेत आणि त्या काळी तयार कपड्यांची दुकाने विरळ असल्याने पॅन्ट म्हणजे शिवलेलीच पॅन्ट असे गृहीत होते. कापड जळगाव, धुळे किंवा चाळीसगावहून आणायचे. सुती असेल तर शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून घ्यायचे, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आणि मग माप द्यायचे. शिंपी मापाच्या वहीत कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी आणि लांबी असे आकडे एकाखाली एक लिहून घेई आणि त्याच पानाला कापडाची बोटभर चिंधी कापून टाचणीने लावी, म्हणजे गठ्ठ्यातील कोणते कापड कोणाचे याचा घोळ होऊ नये. शिवताना मागच्या शिलाईत दीड-दोन इंच कापड आत दुमडून ठेवले जाई, त्याला ‘मार्जिन’ म्हणत. अंगाने भरत जाणाऱ्या मुलासाठी ते उसवून कंबर वाढवता येई. कमरेच्या पट्ट्यात बकरम, म्हणजे खळ देऊन ताठ केलेले जाड कापड, घालत, तळाची तुरपाई हाताने करत, आणि काजे करून देणारा कारागीर वेगळा असे. कारखान्यात शिवलेल्या पॅन्टीत हे मार्जिन जवळजवळ उरत नाही, कारण तयार कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा हिस्सा कापडाचा असतो आणि हजारो नगांत अर्धा-अर्धा इंच वाचला तरी कारखानदाराचा फायदा होतो. कापड तेच असले, तरी उसवून पुन्हा शिवता येणारी पॅन्ट जास्त वर्षे चालते.

उरलेले निम्मे उत्तर कापडात आहे, आणि तेथे आठवण थोडी फसवी ठरते. ‘टेरिलिन’ हा पॉलिस्टर जातीचा धागा १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश संशोधकांनी तयार केला. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा वितळलेला रस बारीक छिद्रांतून दाबून काढला, की तो धाग्याच्या रूपाने थिजतो. भारतात १९६० च्या दशकाच्या मध्यास ठाण्याजवळ हा धागा ‘टेरीन’ या नावाने निघू लागला आणि हे नाव मराठीत इतके रुळले, की अनेक वर्षे कोणत्याही चकचकीत, न चुरगळणाऱ्या कापडाला लोक टेरीनच म्हणत. त्याचे सुताशी मिश्रण ते टेरिकॉट, लोकरीशी मिश्रण ते टेरिवूल. सरकार या धाग्याला चैनीची वस्तू समजून त्यावर भारी कर लावत असे, त्यामुळे तो महाग होता, आणि महाग होता म्हणून त्याला मान होता. पॉपलिनचा शर्ट आणि खाकी ड्रिलची पॅन्ट ही शाळेची खूण, सरकारने ठरवून दिलेल्या दरात गिरण्यांनी विणलेले जाडेभरडे ‘कंट्रोलचे कापड’ ही गरिबीची खूण, आणि टेरिकॉट ही कॉलेजला जाणाऱ्याची, नोकरी लागलेल्याची, हुंड्यात किंवा मानपानात कापड मिळालेल्याची खूण होती. ताग्याच्या काठावर छापलेले गिरणीचे नाव वाचून घेण्याची सवय याच काळातली.

या कापडाचा मुख्य गुण असा, की त्याची इस्त्री मोडत नसे. सुती पॅन्ट दुपारपर्यंत गोळा होई. ज्या घरात इस्त्री नव्हती तेथे तांब्यात निखारे घालून किंवा पॅन्ट रात्रभर गादीखाली दाबून घडी पाडावी लागे. टेरिकॉट धुऊन दोरीवर टाकले, की तासा-दोन तासांत वाळे आणि घडी जागच्या जागी राही, कारण पॉलिस्टर उष्णतेने मऊ होऊन थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. परंतु याच गुणाची दुसरी बाजू अशी, की हा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवते, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो अशा मुलखात, भर लगीनसराईत, तंग मांडीची टेरिकॉट पॅन्ट आणि नायलॉनचा शर्ट घालून वरातीत नाचणे ही तपश्चर्याच होती, आणि विडीची एक ठिणगी पडली तरी कापड न जळता वितळून कडक काठाचे भोक पडे, जे रफू करूनही लपत नसे. घामाने अंगाला चिकटलेल्या शर्टाची गोष्ट मात्र या आठवणींत क्वचितच येते.

कापडाचा कस मोजण्याचे एक साधे माप म्हणजे त्याचे वजन: एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते, यास व्यापारात ‘जीएसएम’ म्हणतात. त्याच्या जोडीला धाग्याचा पीळ, तो एकपदरी की दुपदरी, आणि विणीची घट्टाई हे घटक येतात. त्या काळचे चांगल्या गिरणीचे सूटिंग या सर्व कसोट्यांवर आजच्या स्वस्त तयार पॅन्टच्या कापडापेक्षा सरस होते, हे मान्य करायला हवे. पण तुलना चुकीच्या जोडीची होते. तेव्हाच्या सर्वांत महागड्या कापडाची, जे वर्षातून एकदा घेतले जाई, बरोबरी आज बाजारातून सहज उचललेल्या स्वस्त मालाशी लावली जाते. तेव्हाच्या कंट्रोलच्या कापडाशी कोणी लावत नाही, कारण ते कोणाच्या ट्रंकेत शिल्लक नाही.

ते शिल्लक का नाही, याचे उत्तर घरातल्या गोधडीत सापडते. संख्याशास्त्रात ज्याला ‘उरलेल्यांचा पक्षपात’ म्हणता येईल असा एक दोष आहे: जे टिकले तेवढेच पाहून सगळेच टिकाऊ होते असा निष्कर्ष काढला जातो. खानदेशी घरात जुने सुती धोतर, लुगडे, सदरा यांची रवानगी गोधडीत होई, गोधडी फाटली की पोतेऱ्यात, आणि पोतेरे अखेर उकिरड्यावर जाई. टेरिकॉटला हा मार्ग बंद होता. ते पाणी शोषत नाही म्हणून पोतेरे होत नाही आणि अंगाला ऊब-गारवा देत नाही म्हणून गोधडीत नको. त्याला कसर लागत नाही, बुरशी सहसा धरत नाही. तेव्हा भांडीवालीला जे गेले ते गेले, काहींची बाजाराची पिशवी झाली, आणि एखाद-दुसरी पॅन्ट लोखंडी ट्रंकेच्या तळाशी पन्नास वर्षे जशीच्या तशी राहिली. सुती कपडे वापरून संपले आणि टेरिकॉट, संपवताच येईना म्हणून, टिकाऊपणाचा पुरावा ठरले!

यात माणसाच्या स्मरणशक्तीच्या घडणीचाही हात आहे. मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे, की उतारवयातील माणसांना आपल्या आयुष्यातील साधारण दहा ते तीस या वयातील घटना इतर काळापेक्षा जास्त आणि ठळक आठवतात. आठवणींच्या आलेखात तेथे जो उंचवटा दिसतो त्याला ‘रेमिनिसन्स बंप’ असे म्हणतात. पहिली पॅन्ट, पहिला पगार, मुलगी पाहायला जाताना घातलेला शर्ट हे सारे नेमके याच उंचवट्यावर येते. चाळिशीत शिवलेला सफारी सूटही टेरिकॉटचाच होता आणि तितकाच टिकला, तरी त्याचे नाव फारसे कोणी काढत नाही.

या आठवणी कोणाच्या, हेही विचारायला हवे. बेलबॉटमच्या गप्पा मुख्यतः ज्यांना कापड परवडत होते अशा पुरुषांच्या आहेत. शेतमजुरीवर जाणारा मुलगा वर्षभर कंट्रोलच्या कापडाच्या पायजम्यात राही. दलित वस्तीतील तरुणाच्या कडक इस्त्रीच्या पॅन्टला तर वेगळाच अर्थ होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला स्त्रियांना आपल्या पेहरावातून हीनतेच्या खुणा काढून टाकण्यास सांगितले होते. स्वतः त्यांचा सूट हा त्याच विचाराचा भाग होता. गावच्या चौकातून अशी पॅन्ट घालून जाणाऱ्याला टोमणे सिनेमाच्या वेडावरून कमी आणि ‘पायरी’वरून जास्त ऐकावे लागत. आणि मुलींच्या वाट्याला या साऱ्या बदलातून नायलॉनच्या साडीपलीकडे खेड्यात फारसे काही आले नाही. भावाच्या बेलबॉटमची मोहरी चिखलातून आली, की ती घासायला मात्र त्याच बसत.

१९८० च्या दशकात मोहरी पुन्हा आक्रसली. १९७९ साली रेमंडने जळगावला कारखाना काढल्याने ज्या सूटिंगसाठी लोक शहरात जात ते जिल्ह्यातच विणले जाऊ लागले, पण १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्यावरील बोजा हलका केला आणि पॉलिस्टर स्वस्त होऊन त्याचा मानही गेला. तरुणांनी मग जीन्स धरली. जीन्सच्या जातीच्या जाड कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात आणि तो शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून गेलेला आहे, म्हणजे खलाशी-मजुरांसाठी येथून गेलेले सुती कापड जगभर फिरून फॅशन म्हणून परत आले. कापूस पिकवणाऱ्यांची मुले अशा रीतीने पुन्हा कापसाकडे वळली, फक्त आता तो शिवूनच येत होता. २००० सालच्या वस्त्रधोरणाने तयार कपड्यांचा उद्योग लघुउद्योगांच्या राखीव यादीतून काढला, मोठे कारखाने उतरले, आणि तालुक्याच्या गावातील शिंप्याकडे मुख्यत्वे लांबी कमी करण्याचे आणि चेन बदलण्याचे काम उरले.

या पोशाखाचे विश्वसनीय साधन कोठे असेल, तर ते गिरण्यांच्या जाहिरातींत किंवा सिनेमाच्या फोटोंत नसून त्या शिंप्यांच्या मापाच्या वह्यांत आहे. कोणत्या वर्षी कोणाच्या पॅन्टची मोहरी किती इंच होती, ती केव्हा वाढली आणि केव्हा उतरली, हे तेथे तारखेनिशी लिहिलेले आहे आणि शेजारी कापडाची चिंधी टाचलेली आहे. त्या चिंधीचा एक धागा काढून पेटवला, तर सूत कागदासारखे जळून मऊ राख होते आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो, एवढी साधी परीक्षा कापडाविषयीचा वाद मिटवायला पुरते. दुकाने बंद होताना या वह्या किलोच्या भावाने रद्दीत जात आहेत. भडगाव-पाचोऱ्याकडील ज्या घरांत अशी वही अजून असेल, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी निदान एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.